उतारावरच्या आडव्या रेघा

मित्रांनो, वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली, तुम्ही जिला कधी मोडकी शिडी समजता तर कधी झोपाळ्याचा सांगाडा, ती मी एक जुनी तिकाटी आहे. तीन लाकडं एकत्र आली म्हणून तिकाटी. दोन लांब पाय, वर टोकाशी जोडलेले. मध्ये एक आडवी पट्टी. आणि टोकापासून खाली सोडलेली दोरी, तिच्या शेवटी एक दगड. त्या दगडाला ओळंबा म्हणतात. ओळंबा सरळ खाली बघतो, त्याला दुसरं काही येत नाही. एवढ्याच जोरावर मी डोंगराच्या उतारावर सारख्या उंचीची रेघ शोधून काढते. म्हणजे कशी, तर जिच्यावरून चालताना तुम्ही ना चढता ना उतरता, अशी रेघ. त्या रेघेवर बांध घातला की वरून धावत येणारं पाणी तिथे थबकतं, आणि पाण्याबरोबर निघालेली माती तिथेच बसते.

इतकी वर्षं मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही सांगितलं नाही. पण परवा बाईंनी तुम्हाला समोरचा डोंगर दाखवून विचारलं, की त्याच्यावर या पायऱ्यांसारख्या रेघा कुणी मारल्या. तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं, त्या आधीपासूनच आहेत. नाही, मित्रांनो. त्या आधीपासून नव्हत्या.

माझा जन्म खालच्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीशेजारच्या सुताराच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. जमिनीवर घोट्यापर्यंत ढलप्या, भिंतीवर लटकलेल्या करवती, आणि खिडकीत गोंदाचा डबा, ज्याचं झाकण कधीच नीट बसायचं नाही. सुतारबाबा फारसे बोलत नसत. त्यांच्या तोंडात कायम दोन-चार खिळे धरलेले असायचे, आणि खिळे काढून ठेवावेत इतकं महत्त्वाचं बोलणं त्यांच्याकडे दिवसातून एकदाच येई.

मला बनवून घेतलं ते माती वाचवण्याच्या खात्यातल्या एका साहेबांनी. लोक त्यांना मातीसाहेब म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते माझं चित्र कागदावर काढून घेऊन आले. सुतारबाबांनी एका मोडक्या पलंगाच्या दोन दांड्या काढल्या, त्यांच्यावर रंधा मारला आणि वर बोल्ट घालून त्या जोडल्या. म्हणजे त्याआधी वीस वर्षं माझ्यावर लोक झोपत होते. पुढे मला जन्मभर उभं राहावं लागलं.

मग माझी परीक्षा झाली. दुकानासमोर दोन विटा ठेवल्या, एक थोडी उंचावर, एक थोडी सखल जागी. माझे पाय त्या विटांवर टेकवले. दोरी आडव्या पट्टीवर जिथे आली तिथे बाबांनी पेन्सिलने खूण केली. नंतर मला फिरवून, डाव्या पायाच्या जागी उजवा ठेवून, दुसरी खूण केली. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये करवतीने एक बारीक चीर पाडली. दोरी त्या चिरेवर आली की माझे दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत असं समजायचं. माझ्यात जे काही शहाणपण आहे ते तेवढ्या चिरेत आहे.

एका सकाळी मातीसाहेबांनी मला वरच्या वस्तीवर नेलं. वीस-पंचवीस माणसं जमली. साहेब सांगत होते, की उतारावर वरून खाली अशी उभी नांगरट केली तर प्रत्येक सरी पाण्याची पन्हळ होते, आणि आडवी केली तर तीच सरी पाण्याला अडवते. लोकांनी माना डोलावल्या. चहा आला. चहा संपला तशी माणसंही पांगली. मागे दोघंच राहिले, सुतारबाबांची थोरली मुलगी आणि तिचा नवरा.

तिला माहेरी थोरली म्हणत. सासरी ती थोरली सून, म्हणून तिथेही थोरलीच. तिचा नवरा उंच, हाडकुळा आणि चौकस होता. त्याने साहेबांना इतके प्रश्न विचारले की शेवटी साहेब म्हणाले, ही तिकाटी तुमच्याकडेच ठेवा आणि उरलेले प्रश्न तिला विचारा. अशी मी त्या घरात आले.

त्यांचं शेत डोंगराच्या अंगावर होतं. एकच मोठा उतार, दोन भावांत वाटलेला. वरचा अर्धा धाकट्या भावाचा, खालचा अर्धा थोरलीच्या नवऱ्याचा. मध्ये कुंपण नव्हतं, नुसती पायवाट होती. दोन्ही घरांत मिळून एक म्हातारी होती, दोघा भावांची आई. ती सकाळी एका घरी जेवायची आणि संध्याकाळी दुसऱ्या.

पहिली रेघ आम्ही थंडीत मारली. थोरली मला धरायची आणि तिचा नवरा खुंट्या ठोकायचा. माझा एक पाय पहिल्या खुंटीशी ठेवायचा, दुसरा पाय थोडा वर, थोडा खाली सरकवत राहायचं. दोरी चिरेवर आली की तिथे दुसरी खुंटी. मग त्या पायावर मला वळवायचं आणि पुढचं पाऊल टाकायचं. अशी मी एकेक पाऊल टाकत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मागे वळून बघितलं तर खुंट्यांची रेघ नागमोडी दिसत होती. थोरली हसत म्हणाली, ही तर पिऊन चालल्यासारखी चालते. तिचा नवरा म्हणाला, डोंगर वाकडा आहे, ती सरळच चालली आहे. त्या घरात मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं हसणं होतं, म्हणून लक्षात राहिलं.

दोन थंड्यांत त्यांनी मातीचे तीन बांध घातले. खालच्या शेतात माती टिकू लागली. मक्याची ताटं पहिल्यांदाच उताराच्या तळापर्यंत सारख्या उंचीची आली.

वरच्या शेतात मात्र मला बोलावणं आलं नाही. धाकटा वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगून ठेवायला हवं. त्याचं म्हणणं होतं की बांधाखाली जमीन जाते, आणि ट्रॅक्टर आडवा चालवला तर कलंडेल. तो उभी नांगरट करायचा. ट्रॅक्टर सरळ वर जायचा, सरळ खाली यायचा, अर्ध्या दिवसात काम आटपायचं. भावाने त्याला दोनदा समजावलं. दुसऱ्या वेळी आवाज चढले. तेव्हा म्हातारी मध्ये पडली आणि तिने दोघांना तो विषय बंद करायला लावला. तसं करणं सोपं होतं, कारण पावसाळा अजून चार महिने लांब होता.

त्या पावसाळ्यात एकदा सलग तीन दिवस पाऊस पडला. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून होते, त्यामुळे मी पाहिलं ते थोडं आहे आणि ऐकलं ते जास्त. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरलीचा नवरा डोक्यावर पोतं घेऊन आणि खांद्यावर फावडं टाकून निघाला. जास्तीचं पाणी बाहेर काढून द्यायला बांधाच्या टोकाशी वाट ठेवतात, तिला सांडवा म्हणतात. सगळ्यात वरच्या बांधाचा सांडवा लहान पडत होता. तो रुंद करून येतो, म्हणाला. थोरली म्हशीखाली बसली होती. तिने मान वर केली नाही. अर्ध्या तासाचं काम आहे असं तिला वाटलं.

वरच्या शेतातलं सगळं पाणी उभ्या सऱ्यांमधून धावत आलं होतं आणि त्या एकाच बांधामागे तुंबलं होतं. बांध फुटला. त्याच्या भाराने खालचे दोन्ही बांध गेले. पाणी, माती, दगड, मका, सगळं एकदम खाली आलं, आणि त्यात तोही आला. सगळ्यांच्या आधी धाकटा तिथे पोचला. तो हातांनी चिखल उपसत होता, असं लोक सांगत. त्याची नखं निघाली तरी तो थांबला नाही. भाऊ सापडला तेव्हा अजून उजेड होता. फावडं दुसऱ्या दिवशी सापडलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेचं मैदान तेव्हा कमरेइतकं खोल होतं. त्या दिवशी ते भरलं. तुम्ही रोज ज्या जमिनीवर खेळता, ती त्या शेताची माती आहे.

थोरली रडली नाही. लोक आधी तिला धीर द्यायला यायचे, मग ती रडत का नाही ते बघायला यायचे, आणि मग यायचे बंद झाले. ती सकाळी उठायची, म्हैस दोहायची, भांडी घासायची, सासूला आंघोळीला पाणी काढून द्यायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, पण जरा उशिरा, जणू प्रश्न लांबून चालत यायचा. सापडलेलं फावडं तिने धुतलं, पुसलं आणि दाराआड ठेवलं. एकदा तिचा हात चुलीला लागला. तिने तो मागे घेतला, बघितला आणि परत कामाला लागली. संध्याकाळी सासूने बोटांवरचा फोड दाखवला तेव्हा ती म्हणाली, हो, भाजलं वाटतं.

धाकटा दर दोन-तीन दिवसांनी यायचा. आत यायचा नाही. पायरीवर बसायचा. थोरली त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायची. तो पाणी प्यायचा, थोडा वेळ हातांकडे बघत बसायचा आणि निघून जायचा. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नसत. भांडण नव्हतं. दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती सोडून बोलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. म्हातारीने संध्याकाळी वरच्या घरी जाणं बंद केलं होतं. ती आता दोन्ही वेळा थोरलीकडेच जेवायची. धाकट्याने एकदा पायरीवरून विचारलं, आई, येणार का. ती म्हणाली, पाय दुखतात.

शेत तसंच पडून होतं. वरची माती गेली होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता, खरवडलेल्या गुडघ्यासारखा. मी गोठ्यातच होते. माझ्या आडव्या पट्टीवर कोंबडी बसायची. डाव्या पायाला खालून वाळवी लागली. दोरी कुजून तुटली आणि ओळंब्याचा दगड शेणात पडला. मला त्याचं दुःख झालं, असं मी म्हणू शकत नाही. त्या वर्षी त्या घरात कुणालाच काही होत नव्हतं. मलाही नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी थोरली गोठ्यात आली. तिने मला बाहेर काढलं, कोंबडीची घाण खरवडली, शेणातून दगड शोधला आणि मला खांद्यावर घेऊन खालच्या रस्त्याला, वडिलांच्या दुकानात गेली. दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. तिने मला कामाच्या फळीवर आडवं ठेवलं.

"बाबा, आमची रेघ चुकली होती का?"

सुतारबाबांनी तोंडातले खिळे काढले. ते मला चाचपत राहिले. मग त्यांनी वाळवीने खाल्लेला डावा पाय टीचभर कापून टाकला, नवी दोरी बांधली, पुन्हा दोन विटा मांडल्या आणि पुन्हा खुणा करून नवी चीर पाडली. पाय आता लहान-मोठे झाले होते, पण चीर दोन खुणांच्या मध्ये पाडली की लहान-मोठ्या पायांनीही रेघ बरोबर येते. हे त्या मोजण्याच्या पद्धतीचं मोठेपण आहे, माझं नाही.

दुपारी बापलेक शेतात गेले. सगळ्यात वरच्या बांधाच्या काही खुंट्या दोन्ही टोकांना अजून मातीत घट्ट होत्या. त्यांनी मला शेजारच्या दोन-दोन खुंट्यांवर पाय टेकवून उभं केलं. दोरी प्रत्येक वेळी चिरेवर आली. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "रेघ बरोबर होती, पोरी. पाणी जास्त होतं."

ती वर बघत होती. उतारावर, पायवाटेच्या पलीकडे, धाकट्याच्या शेतातल्या उभ्या सऱ्या अजून दिसत होत्या.

तिला हे आधी माहीत नव्हतं असं नाही. पण तिच्या मनात एक बारीक शंका होती, की मला धरताना तिचाच हात कुठेतरी हलला असेल. ती शंका त्या दुपारी गेली. मला वाटलं, आता तिला हलकं वाटेल. तसं काही दिसलं नाही. ती घरी आली आणि तिने म्हशीला पेंड घातली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ती शेतात जाऊ लागली. आशा वगैरे काही नव्हती. हातांना काहीतरी करायला हवं होतं, आणि घरात घासायला भांडी उरली नव्हती. मला धरायला दुसरं माणूस लागतं, म्हणून सत्तरीची सासू आली. म्हातारी मला धरून उभी राहायची, म्हणजे खरं तर मीच तिला धरून उभी असायचे. दोघी दिवसभरात दहा वाक्यंही बोलत नसत. "जरा वर." "आता?" "आलं." ठक ठक ठक, खुंटी. या वेळी थोरलीने मातीचे नाही, दगडांचे बांध रचले. पुराने आणून टाकलेलेच दगड होते. पहिल्या बांधाचा सांडवा डाव्या टोकाला ठेवला, त्याखालच्याचा उजव्या टोकाला, म्हणजे पाणी सरळ खाली न पडता शेतभर येरझाऱ्या घालत उतरेल. तळाला दगड अंथरून सांडवे चांगले दोन हात रुंद केले.

मातीसाहेब एकदा बघायला आले. त्यांचे केस पांढरे झाले होते. ते सगळ्या बांधांवरून चालले आणि काम नीट झालंय म्हणाले. मग वर बघत हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की वरचं पाणी वरच अडायला हवं. डोंगराचं पाणी कुणाच्या नावावर नसतं. वरच्या शेतात रेघा पडल्या नाहीत, तर एखाद्या मोठ्या पावसात हे दगडही जातील. थोरली म्हणाली, हो. एवढंच.

पावसाळा दीड महिन्यावर आला होता. एका सकाळी वरून ट्रॅक्टरचा आवाज ऐकू आला. थोरलीने मला उचललं, खुंट्यांची पिशवी घेतली आणि ती पायवाट ओलांडून धाकट्याच्या शेतात गेली. नवरा गेल्यापासून ती तिकडे पहिल्यांदाच जात होती.

धाकटा ट्रॅक्टरवर बसला होता. इंजिन चालू होतं, नांगर खाली सोडायचा बाकी होता. थोरली ट्रॅक्टरच्या पुढून गेली, शेताच्या कडेला थांबली आणि तिने पहिली खुंटी ठोकली. मग मला उभं केलं. एकटीने मला धरायचं आणि एकटीनेच खुंटी ठोकायची, हे जमणारं काम नव्हे. दोरी वाऱ्याने हलत होती. तिने एका हाताने मला पकडलं आणि दुसऱ्या हाताने खुंटी ठोकायला दगड उचलला, तेवढ्यात मी पडले. तिने मला परत उभं केलं. मी परत पडले. ती चिडली नाही, थांबली नाही, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. मी चौथ्यांदा पडले तेव्हा इंजिन बंद झालं.

तो खाली उतरून आला आणि चार पावलं अलीकडे थांबला.

"वहिनी, त्या दिवशी पाणी माझ्या शेतातून आलं."

"माहीत आहे."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही."

थोरलीने मला उचललं. तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

"हा पाय धरा, भावोजी."

त्याने माझा डावा पाय धरला, तोच कापलेला. तो मला एकदा वर, एकदा खाली सरकवत राहिला, आणि दोरी कितीतरी वेळ चिरेवर स्थिर होईना. थोरली वाट बघत उभी राहिली. ती घाई करा म्हणाली नाही, असू द्या असंही म्हणाली नाही. शेवटी दोरी थांबली. तिने खुंटी ठोकली.

त्या दीड महिन्यात वरच्या शेतात सात रेघा पडल्या. धाकट्याने भाड्याने आणलेला ट्रॅक्टर परत पाठवला आणि बैलांनी आडवी नांगरट केली. बांधांखाली त्याची बरीच जमीन गेली. तो त्याबद्दल एकदाही बोलला नाही. दुपारी दोघं आपापला डबा वेगवेगळ्या बांधांवर खात, तो बसून आणि ती उभ्यानेच. एका संध्याकाळी म्हातारी काही न सांगता काठी टेकत वरच्या घरी गेली आणि जेवून आली. तिचे पाय अजूनही दुखतच होते.

पावसाळा आला, आणि श्रावण संपता संपता तसाच मोठा पाऊस लागला. चार दिवस लागला. चौथ्या दिवशी धाकटा वरच्या सांडव्याशी उभा होता आणि थोरली खालच्या. मलाही तिने बरोबर घेतलं होतं, चिखलात आधाराला. पाणी बांधामागे चढलं, सांडव्यापाशी आलं, दगडांवरून वळलं आणि शांतपणे दुसऱ्या टोकाकडे निघालं. ते लालसर होतं, पण त्यात माती नव्हती म्हटलं तरी चालेल. माती वरच राहिली होती, बांधांच्या पोटाशी.

मला वाटलं, आता ती रडेल. तिने सांडव्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बघितलं. मग म्हणाली, "माती थांबली." आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून घरी निघाली.

मित्रांनो, गोष्टींमध्ये अशा वेळी माणसाचं मन एकदम मोकळं होतं. तसं मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते असं: आणखी दोन वर्षांनी बांधांवर लावलेलं गवत दाट झालं होतं, आणि एका दुपारी खुरपणी करता करता थोरली मधल्या बांधावर टेकली. नवरा गेल्यापासून ती त्या शेतात कधी बसली नव्हती. उभ्याने काम करायची आणि उभ्यानेच निघायची. त्या दिवशी ती बसली, कलंडली आणि भर उन्हात गाढ झोपली. धाकट्याने वरून बघितलं. तो खाली आला नाही. त्याने बैल थांबवले आणि ती उठेपर्यंत औत चालवलं नाही.

त्यानंतर माझे मानाचे दिवस आले. शेजारच्या शेतांतून बोलावणं येऊ लागलं. मी या घरून त्या घरी, या ओढ्याकडून त्या ओढ्याकडे फिरले. सात-आठ वर्षांत सगळ्या डोंगरावर रेघा पडल्या. गावातली आटलेली विहीर उन्हाळ्यातही पाणी देऊ लागली. बाहेरगावाहून माणसं बघायला आली. एका सभेत मला स्टेजवर उभं केलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी मला हातात घेतलं ते उलटं, पाय आकाशाकडे करून, आणि तसेच ते वीस मिनिटं माझ्या उपयोगाबद्दल बोलले. धाकटा शेवटच्या रांगेत बसला होता. त्या दिवशी मी त्याला हसू दाबताना पाहिलं.

मग यंत्रं आली. बटण दाबलं की लाल ठिपका लांबवर पडतो आणि उंची सांगतो. मला बोलावणं कमी होत गेलं, मग बंद झालं. ते बरोबरच होतं. पण माझ्याबरोबर बांधांकडेही लोकांचं लक्ष राहिनासं झालं. ज्यांनी बांध घातले ते थकले. ज्यांना ते आयते मिळाले, त्यांना वाटलं ते डोंगराबरोबरच उगवले आहेत. कुणी गाडीवाट काढायला बांध फोडला. कुणी सांडव्यात कचरा टाकला. उंदरांनी बिळं केली.

फक्त दोन शेतांत तसं झालं नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी एका सकाळी थोरली खालच्या बांधापासून चढायला लागायची आणि धाकटा वरच्या बांधापासून उतरायला लागायचा. बीळ दिसलं की माती दाबायची, दगड हलला असेल तर बसवायचा, सांडवा मोकळा करायचा. कुठे बांध खचलाय का ते बघायला ती मला घेऊन यायची. पायवाटेवर दोघं भेटायचे. तो म्हणायचा, "वरचं ठीक आहे." ती म्हणायची, "खालचंही." मग तो वर जायचा आणि ती खाली. बावीस वर्षं मी हे ऐकलं. यापलीकडे बांध फुटला त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले असतील तर माझ्यासमोर नाही.

चार वर्षांपूर्वी ती चढून पायवाटेवर आली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. धाकट्याला त्या हिवाळ्यात झटका आला होता. त्याची डावी बाजू गेली होती आणि तो खाटेवर होता. हे तिला माहीत होतं. तरी ती जरा वेळ तिथे उभी राहिली. मग मला टेकत टेकत वर चढली. तिचंही वय झालं होतं. तिने वरच्या शेतातले सातही बांध पाहिले. चौथ्या बांधात मोठं बीळ होतं, ते बुजवायला तिला तास लागला. शेवटचा सांडवा साफ करून ती त्याच्या घरी गेली. तशीच मातीच्या हातांनी आत शिरली आणि खाटेशेजारी बसली.

"वरचं ठीक आहे," ती म्हणाली. "खालचंही."

त्याला नीट बोलता येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते थांबेना. ती तिथेच बसून राहिली. तिने डोळे पुसले नाहीत, ना त्याचे ना स्वतःचे. त्याचं रडून होईपर्यंत ती बसली. मग उठून तिने हात धुतले.

तिने त्याला माफ केलं का, असं तुम्ही मला विचाराल. मला ठाऊक नाही. ती अजूनही दरवर्षी दोन्ही शेतांतून चालते, एवढंच ठाऊक आहे. आता ती काठी घेऊन जाते. माझं ओझं तिला पेलत नाही, म्हणून तिने मला तुमच्या शाळेत आणून ठेवलं.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, रंग द्या, असं माझं मागणं नाही. मी लाकूड आहे, मोडले तर सुतार दुसरी करेल. माती पुन्हा करता येत नाही. तुम्ही डोंगरावर बोरं काढायला जाता, गुरांमागे जाता, नुसते उंडारायलाही जाता. जाताना बांधात बीळ दिसलं, तर थांबा. मूठभर माती घाला, वर पाय ठेवा आणि घट्ट दाबा. शेत कुणाचं आहे, ते विचारू नका.